चिठ्ठीवरचे नाव

"आणि हे कुणाचं?"

साहेबांनी पेनाचे टोक भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे वळवले आणि घड्याळजींच्या तोंडचे पाणी पळाले. वास्तविक हा प्रश्न येणार हे त्यांना तीन दिवसांपासून ठाऊक होते. उत्तरही तोंडपाठ होते. पण पाठ केलेले उत्तर ऐन वेळी जिभेवर येत नाही, ही त्यांची शाळेपासूनची रड.

"ते होय... ते गिऱ्हाइकाचं. दुरुस्तीला आलेलं. चिठ्ठी आहे बघा त्याला."

कारकून स्टुलावर चढला. घड्याळाच्या काचेच्या दाराला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी त्याने उजेडाकडे धरली. "नर्सबाई, जुना दवाखाना. सफाई, तेल, नवी दोरी. तारीख सहा वर्षांपूर्वीची आहे साहेब."

"सहा वर्षं? चालू दिसतंय की."

"काम झालंय. न्यायला कुणी आलं नाही," घड्याळजी म्हणाले.

"बरं. गिऱ्हाइकांच्या वस्तूंत लिही," साहेब कारकुनाला म्हणाले आणि पुढच्या कपाटाकडे वळले.

संपले. एवढेच होते. तीन रात्री ज्याने डोळ्याला डोळा लागू दिला नाही, ते काम दोन वाक्यांत उरकले. घड्याळजींना वाटले होते, सुटल्यासारखे वाटेल. तसे काही वाटले नाही. पायातला खडा काढायला जावे आणि तो बुटाऐवजी तळव्यातच रुतला आहे असे कळावे, तसे झाले.

दुकान तसे एका माणसाचेच. पुढे काउंटर, मागे खिडकीपाशी बाक, बाकावर निळा दिवा. देवाने माणसाला दोन डोळे दिले आणि घड्याळजीला भिंगाचा तिसरा, असे त्यांचे वडील म्हणत. त्याच तिसऱ्या डोळ्यावर दोन पिढ्या जगल्या. मग सेलवरची घड्याळे आली. स्वस्त, हलकी, बिघडली की टाकून द्यायची. दुरुस्तीला येणारी माणसे कमी झाली तेव्हा घड्याळजींना कुणीतरी सल्ला दिला, की वाऱ्याच्या दिशेने शीड फिरवावे. त्यांनी बँकेचे कर्ज काढले, काचेची कपाटे केली, घाऊक व्यापाऱ्याकडून सेलवरच्या घड्याळांचा माल उचलला. शेजारच्या शिंप्याकडूनही थोडे हातउसने घेतले. आणि मग चौकात मोठे दुकान उघडले, जिथे तीच घड्याळे त्यांच्या खरेदीपेक्षा कमी भावात मिळू लागली. शीड फिरवले खरे, पण होडीला खालून भोक आहे हे कुणी सांगितले नव्हते.

शेवटी वकिलाने नादारीचा अर्ज लिहून दिला. कोर्टाने साहेब नेमले. आता जे घड्याळजींचे, त्याची यादी होणार, ते विकले जाणार आणि आलेले पैसे घेणेकऱ्यांत वाटले जाणार. जे दुसऱ्याचे, दुरुस्तीला आलेले, ते ज्याचे त्याला परत. वकिलाने हे समजावून सांगितले तेव्हा घड्याळजींच्या कानात फक्त शेवटचे वाक्य राहिले.

कारण भिंतीवरचे मोठे घड्याळ. पुरुषभर उंचीचे, लाकडी, लांब लंबकाचे. त्यांच्या वडिलांनी एका बंद पडलेल्या कचेरीच्या लिलावात घेतले, तेही घड्याळजींच्या जन्माच्या आदल्या वर्षी. त्यामुळे घरात त्याला 'थोरला' म्हणत. लग्न होऊन आलेल्या बायकोने तेच नाते पुढे चालवले. "भाऊजींना चावी दिलीत का?" असे ती दर आठवड्याला विचारायची, आणि पहिली दोन वर्षे तर घड्याळासमोर पदर सावरून उभी राहायची, थट्टेने. त्या थोरल्याला परक्याच्या हाती देणे घड्याळजींच्याने होईना. म्हणून तीन दिवसांपूर्वी दुपारी, दुकानाचे फाटक अर्धे ओढून, त्यांनी एक कोरी चिठ्ठी घेतली. नर्सबाईंचे एक छोटे घड्याळ सहा वर्षे खणात पडून होते. धंद्यात असे मानतात, की सहा वर्षे न आलेले गिऱ्हाईक एकतर गाव सोडून गेले, नाहीतर जग. त्यांनी तेच नाव लिहिले, तीच तारीख घातली. पुठ्ठा फार पांढरा दिसत होता. म्हणून चिठ्ठी बशीतल्या चहात बुडवली आणि खिडकीत वाळत ठेवली.

डबा घेऊन आलेल्या बायकोने ती बशी पाहिली होती.

"हे काय?"

"काही नाही."

तिने चिठ्ठीवरचे नाव वाचले, मग भिंतीकडे पाहिले. डबा ठेवला आणि बशी तशीच सोडून गेली. एरवी ती दुकानातला उष्टा चमचासुद्धा मागे ठेवत नसे.

साहेब खुर्चीत टेकले. चष्मा पुसला. माणूस स्वभावाने चांगला होता, आणि लाजेच्या प्रसंगी समोरचा माणूस चांगला निघणे याइतकी वाईट गोष्ट नाही. खडूस असता तर त्याच्यावर चिडता तरी आले असते.

"आता ऐका," ते म्हणाले. "तुमच्याकडे काय राहणार ते सांगतो. अंगावरचे नि घरातले कपडे. अंथरूण-पांघरूण. स्वयंपाकाची भांडी. वहिनींच्या गळ्यातलं. आणि तुमच्या धंद्याची अवजारं. देणं कितीही असू दे, या गोष्टींना कुणी हात लावू शकत नाही. कायदाच आहे तसा."

घड्याळजी मान खाली घालून ऐकत होते. आपल्या घरातली कढई आपलीच राहणार, हे दुसऱ्या माणसाने वाचून दाखवावे आणि आपण त्याचे आभार मानावेत, असा दिवस वैऱ्यावरही येऊ नये असे त्यांना वाटले.

"अवजारं सांगा. लिही रे."

"बाक," घड्याळजी म्हणाले. "दिवा. भिंगं, तीन. चिमटे. पेचकस, एक पेटी. तेलाच्या बाटल्या. छोटं लेथ."

"अजून? आठवून सांगा हो. कमी सांगू नका. एकदा यादी गेली की मागाहून मला काही घालता यायचं नाही."

"एवढंच."

साहेब यादीवर पेन आपटत राहिले. "एक विचारू? घड्याळ दुरुस्त झालं की ते बरोबर कशावरून लावता? म्हणजे बरोबर वेळ कोण सांगतं तुम्हाला?"

घड्याळजींची नजर आपोआप भिंतीवर गेली. पंचवीस वर्षे ती तशीच जात आली होती. विचार करायचीसुद्धा गरज लागत नसे.

"त्या... मोठ्यावरून."

"गिऱ्हाइकाच्या?"

"इथं आहे तोवर. चांगलं चालतं म्हणून. आधी दुसरं होतं. ते मोडलं."

खोट्याला एकटे राहवत नाही. त्याला लगेच जोडीदार लागतो.

"वाईट झालं," साहेब मनापासून म्हणाले. "असं एखादं तुमच्या मालकीचं असतं ना, तर मी ते अवजारांतच धरलं असतं. शिंप्याला जशी टेप, तसं तुम्हाला ते. कुणाची हरकत घ्यायची टाप नव्हती. असो. दैव म्हणायचं."

कारकुनाने वही मिटली. भिंतीवर लंबक डावीकडे गेला, उजवीकडे आला.

घड्याळजी बाकाची कड धरून उभे राहिले. जन्मभर ज्याच्या तोंडाकडे पाहून त्यांनी पोट भरले, ते त्यांना कधी अवजार वाटलेच नव्हते. अवजार म्हणजे चिमटा. अवजार म्हणजे पेचकस. थोरला म्हणजे वडिलांची आठवण, घराची अब्रू, भाऊजी. त्यांनी त्याला दागिन्यासारखे लपवले, आणि कायदा तर म्हणत होता की ते हातोडीसारखे उघड्यावर राहिले असते. देव दार उघडून उभा होता आणि हे महाशय मागच्या भिंतीला भोक पाडत बसले होते.

आता बोलावे? आत्ता, या क्षणी? पण साहेब उठले होते. "या सगळ्या चिठ्ठीवाल्यांना कार्डं जातील," ते दारातून म्हणाले. "पुढल्या बुधवारी येऊन आपापलं घेऊन जातील. तुम्ही फक्त हजर राहा."

"सगळ्यांना?"

"तुमच्या गिऱ्हाइकांच्या वहीत पत्ते आहेत की. तुमचंच अक्षर. छान आहे अक्षर."

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळे सांगितले. अवजारांचेसुद्धा. ती ताटे पुसत होती.

"म्हणजे नुसतं खरं सांगितलं असतं तर राहिलं असतं?"

"हो."

"मग आता सांगा."

"आता सांगितलं तर खोटी नोंद केली असं होतं. वकील म्हणतो, अर्जच फेटाळतील. शिक्षासुद्धा होऊ शकते. त्यापेक्षा राहू दे. नर्सबाई कुठं येतायत सहा वर्षांनी? आल्या नाहीत की पडून राहील इथंच."

"आणि शिंपीभाऊजी?" ती म्हणाली. "त्यांचं देणं आहे ना आपल्याकडं? बँकेचं जाऊ द्या, बँकेला लेकरं नसतात. त्यांच्या वाट्याचं आपण भिंतीला टांगून ठेवलंय."

ताट पुसून कोरडे झाले होते तरी ती ते पुसतच राहिली.

शिंप्याचे दुकान भिंतीला भिंत लागून. तो वयाने लहान, तोंडाने मोठा. आठवडाभरात एकदा पायरीवर भेटला.

"दादा, यादीत माझं नाव कितवं हो?"

"घेणेकऱ्यांच्या? शेवटचं."

"बघा. रेशनला शेवटी, लग्नाच्या पंगतीत शेवटी, तुमच्या दिवाळ्यातसुद्धा शेवटी. काय राशीला आलंय माझ्या." मग त्याने हसू आवरते घेतले. "तोंड का असं केलंत? पैसे बुडाले म्हणून मी कापड चावणार नाही. तुमच्याकडं काही नाही, हे मला ठाऊक नाही का? असतं तर दिलं असतंत तुम्ही."

घड्याळजींना वाटले, याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे.

बुधवारी माणसे आली. कुणाला बापाचे घड्याळ सापडले म्हणून आनंद, कुणी पट्टाच हरवला म्हणून कुरकुर. साहेब आणि कारकून काउंटरपाशी बसले होते. घड्याळजी खणातून एकेक वस्तू काढत, चिठ्ठी वाचत, देत. सही घेतली जाई. दुपारपर्यंत खण रिकामा होत आला. एक छोटे गोल घड्याळ तेवढे उरले. उलटे टांगायचे, परिचारिका पोशाखाला लावतात तसले.

आणि मग दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. पांढरे सुती कपडे, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. लांबच्या गाडीने आलेली दिसत होती. केस पार पिकले होते, पण पाठ तशीच ताठ.

"घड्याळजी, ओळखलंत का?"

ओळखले होते. दवाखान्यात असताना या बाईंनी अर्ध्या गावाची बाळंतपणे केली होती. आपल्या पुतणीच्या गावी राहायला गेल्या तेव्हा तिथला पत्ता देऊन सांगून गेल्या होत्या, "झालं की कार्ड टाका, येऊन नेईन." घड्याळ आठ दिवसांत झाले होते. कार्ड टाकायचे आज करू, उद्या करू म्हणून राहून गेले ते राहूनच गेले.

त्यांनी गोल घड्याळ दोन्ही हातांनी पुढे केले. बाईंनी ते कानाला लावले. ऐकले. आणि साहेबांकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत? सहा वर्षं मी आले नाही. मला वाटलं विकलं असेल यांनी, आणि विकलं असतं तरी मी काय म्हणणार होते? पण जपून ठेवलंय. चावीसुद्धा देत होते वाटतं, इतकं चांगलं चालतंय. अशा माणसावर ही वेळ यावी ना."

"खरं आहे," साहेब म्हणाले. "माणूस सरळ आहे." मग त्यांनी भिंतीकडे बोट केले. "आणि बाई, ते मोठंही तुमचंच. त्याला मात्र हमाल लागेल."

बाईंनी वर पाहिले. घड्याळाकडे, मग त्याला बांधलेल्या चिठ्ठीकडे, मग घड्याळजींकडे. घड्याळजी काउंटरवरचा एक ओरखडा बोटाने घासत होते.

आयुष्यभर खाटांशेजारी उभे राहिलेल्या माणसाला चेहरा वाचता येतो. कुणाला कुठे दुखते आहे आणि तो ते का सांगत नाही, हे सांगायला त्यांना नाडी धरावी लागत नाही.

"साहेब," त्या म्हणाल्या, "प्रवासानं घसा सुकलाय. बाटलीतलं पाणी संपलं. जरा मिळेल का कुठं?"

साहेबांनी कारकुनाला बाटली भरून आणायला पाठवले आणि स्वतः दाराबाहेर जाऊन, शिंप्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या दोन माणसांना काय हवे ते पाहू लागले. बाई काउंटरवर वाकल्या.

"मी काय सांगू?" त्यांचा आवाज अगदी खाली होता. "तुम्ही म्हणाल ते सांगते. हो म्हणा, हो म्हणते. मी बाळंतिणींसाठी नवऱ्यांशी पुष्कळ खोटं बोललेय, त्यात एक भर. पण एक लक्षात घ्या. एकदा हो म्हटलं की मला ते न्यावं लागेल. पुतणीच्या घरात माझी एक खाट आणि एक खिडकी. कुठं ठेवू? आणि तुम्हाला परत द्यायचं तर तुम्ही ते कुणाचं म्हणून घ्याल? मग पुन्हा एक खोटं. तुमचं वय किती आता?"

"छप्पन्न."

"जमेल? इतकं वर्षानुवर्षं?"

घड्याळजींनी वर पाहिले. या बाईने आजवर कुणाकडून एक रुपया जास्त घेतला नव्हता. ती लांबच्या गाडीने प्रवास करून आली होती, तिने त्यांना सज्जन म्हटले होते, आणि आता त्यांच्यासाठी ती स्वतःचे तोंड विटाळायला तयार होती. चिठ्ठीवर तिचे नाव लिहिताना त्यांना ते फक्त नाव वाटले होते. त्या नावाला मान आहे, पांढरे केस आहेत, सुकलेला घसा आहे, हे चहात बुडवताना सुचले नव्हते.

साहेब आत आले.

"साहेब," घड्याळजी म्हणाले. "साहेब, ते माझं आहे."

"काय?"

"मोठं घड्याळ. माझ्या वडलांचं. यांचा काही संबंध नाही. चिठ्ठी मी लिहिली. मागच्या आठवड्यात. दुसरं घड्याळ होतं आणि मोडलं म्हणालो, तेही खोटं. हेच होतं. कायम हेच."

कारकून भरलेली बाटली घेऊन दारातच थांबला. शिंपीही त्याच्या मागे आला होता, गळ्यात टेप, आणि त्याने सगळे ऐकले होते हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. घड्याळजींनी साहेबांकडे पाहिले, बाईंकडे पाहिले. शिंप्याकडे पाहणे त्यांच्याने झाले नाही.

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"अहो, मी तुम्हाला विचारलं होतं," ते अखेर म्हणाले. रागापेक्षा त्यात खेदच जास्त होता. "समोर बसून विचारलं होतं. अजून काय अवजार आहे, कमी सांगू नका म्हटलं होतं."

"हो."

"आता मला ते अवजारांत घालता येत नाही. लपवलेल्या वस्तूला सवलत नाही. ते विक्रीलाच जाईल."

"हो."

"आणि कोर्टाला कळवावं लागेल."

"कळवा साहेब."

साहेबांनी वही उघडली. गिऱ्हाइकांच्या यादीतली ती ओळ लाल शाईने खोडली आणि दुसऱ्या पानावर लिहिली. शेवटी पेन थबकले. मग त्यांनी समासात तीन शब्द जोडले आणि वही घड्याळजींकडे फिरवली, सहीसाठी. 'स्वतः होऊन सांगितले.' घड्याळजींनी त्याच छान अक्षरात सही केली.

बाईंनी गोल घड्याळ पोशाखाला लावले, बाटली पिशवीत टाकली. जाताना त्यांनी दुरुस्तीचे पैसे काउंटरवर ठेवले. साहेबांनी ते मोजून यादीत घेतले, कारण तेही आता घेणेकऱ्यांचेच होते.

कोर्टाने समज दिली आणि अर्ज राहू दिला. विक्रीच्या दिवशी चौकातल्या मोठ्या दुकानाच्या मालकाने थोरल्याला घेतले, शोभेसाठी. हमाल आले तेव्हा घड्याळजी म्हणाले, "थांबा, उचलू नका असं. लंबक टांगलाय ते पातं मोडेल." त्यांनी काचेचे दार उघडले, लंबक हाताने थांबवला, आकड्यावरून अलगद काढला आणि जुन्या पंच्यात गुंडाळला. वजन उतरवून वेगळे बांधले. चावी हमालाच्या हाती न देता मालकाच्या हाती ठेवली, आणि ती सोमवारीच फिरवायची, रोज नाही, हे दोनदा सांगितले. बायको दारात उभी होती. हमाल बाहेर पडताना ती बाजूला झाली आणि तिने पदर सावरला. या वेळी थट्टा नव्हती.

शिंप्याच्या वाट्याला त्यातून जे आले, त्यात एक सदरा झाला असता. त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण पंधरा दिवस तो पायरीवरही आला नाही.

दुकानाची काचेची कपाटे गेली, काउंटर गेला. बाक राहिला, दिवा राहिला, चिमटे राहिले. कायद्याने दिलेले सगळे राहिले. आणि एके दिवशी एका शाळामास्तरांनी चावीचे जुने घड्याळ आणून दिले. घड्याळजींनी ते खोलले, धुतले, तेल दिले, जोडले. काम चांगले झाले. कानाला लावले तेव्हा ठोका सारखा होता. आता काटे लावायचे होते.

त्यांनी मान वर केली. पुन्हा खाली घातली.

दुपारी एक वाजायला थोडा वेळ असताना ते उठले. घड्याळाची चावी बाहेर ओढून, काटे एकवर आणून, सेकंदाचा काटा बारावर थांबवून, ते शिंप्याच्या दारात जाऊन उभे राहिले. आतल्या फळीवर रेडिओ चालू होता; एकच्या बातम्यांआधी त्यावर वेळेचे ठोके पडत. मशीनच्या घरघरीत गाण्याचे शब्दही ऐकू येत नव्हते.

शिंप्याने त्यांच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिले. कशाला आलात, असे विचारले नाही. बसा, असेही म्हटले नाही. गाणे संपले आणि एकच्या ठोक्यांची वेळ झाली, तशी त्याने पायाखालच्या पट्टीवरून पाऊल उचलले, आणि मशीनचे चाक हाताने धरून ठेवले.